मंजुरीत अडकलेली नोटीस

(पाणीपुरवठा कार्यालय, दुपार. ताई प्रयोगशाळेत पाणी तपासते. तिचा धाकटा भाऊ कार्यालयाची वेबसाइट आणि तिच्यावरून गावकऱ्यांच्या फोनवर जाणाऱ्या नोटिसा सांभाळतो.)

ताई : परत दाबून बघ.

भाऊ : दाबून दाबून बोट झिजलं. नोटीस मंजुरीत अडकलीय. साहेबांनी स्वतःच्या फोनवरून होकार दिल्याशिवाय ती बाहेर पडायची नाही.

ताई : आणि साहेब विमानात.

भाऊ : संध्याकाळपर्यंत.

ताई : अरे, कारखान्याचं सांडपाणी टाकीत शिरलंय. नमुना मी स्वतः तपासला, परत तपासला. अख्खं गाव ते पाणी पितंय. सिस्टीम तू केलीस ना? मग तूच मोड.

भाऊ : मोडता येणार नाही अशीच करून मागितली होती. साहेबांना धास्ती, कुणीतरी परस्पर नोटीस टाकेल. त्या 'कुणीतरी'त मीसुद्धा आलो.

ताई : तेव्हा मी घसा कोरडा करून सांगत होते, बाजारातली तयार सिस्टीम घ्या. एक माणूस अडकला तर दुसऱ्याला अधिकार देता येतो तिच्यात.

भाऊ : तिच्यात आपल्या पद्धतीनं काम होत नव्हतं गं.

ताई : आपल्या म्हणजे साहेबांच्या. आणि तयार घेतली असती तर तुझा रुबाब कुठे राहिला असता?

भाऊ : बोल. आज तुझंच खरं.

ताई : मला खरं ठरायचं नाहीये. पंपावर फोन लाव, पाणी बंद कर म्हणावं.

भाऊ : मघाशीच लावला. पंपवाला म्हणतो, वेबसाइटवर नोटीस दिसल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, साहेबांचा हुकूम आहे.

ताई : माझं नाव सांगितलंस?

भाऊ : सांगितलं. म्हणाला, ताईंना म्हणावं नोटीस टाका, लगेच बंद करतो.

ताई : मग मीच जाते.

भाऊ : पोचायला तास जाईल. तोवर शाळा सुटतील.

ताई : माहीत आहे मला. पोरं उन्हातून येतात आणि आधी नळाला तोंड लावतात. माझी मुलगीही त्यातच आहे. म्हणून म्हणते, काहीतरी कर.

भाऊ : थांब. त्या तयार सिस्टीमची नमुन्याची प्रत मी चाचणीसाठी घेतली होती. ती अजून चालू आहे. तिच्यात मंजुरीबिंजुरी अजून लावलेलीच नाही. तिथून पाठवू?

ताई : विचारतोस काय!

भाऊ : पाठवली.

ताई : आली, माझ्या फोनवर आली. 'पाणी पिऊ नका.' सुटले रे बाबा. गावात सगळ्यांना गेली ना?

भाऊ : चाचणीच्या यादीत आपण दोघंच आहोत, ताई.