जीभ आत गेली होती

नाव : वर हवालदारांनी लिहून घेतलं आहे. कामावर मला सगळे भिंगरी म्हणतात. वय : तेवीस. शिक्षण : आठवी पास, नववीत थोडे दिवस. धंदा : पूल दुरुस्तीच्या ट्रकवर मदतनीस, त्याआधी बरंच काही. पत्ता : सध्या वजनकाट्यामागची खोली, मावशी आणि काकांकडे.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, हा जबाब मी आधीच द्यायला हवा होता. ठाण्यातून निरोप आला तेव्हा मी गावात नव्हतो. अपघात झाल्याबरोबर मालकांनी मला फरशीच्या गाडीवर लांबच्या फेरीला धाडलं. मला कुठेही पाठवलं की मी जातो, हे मालकांना ठाऊक आहे. परत आल्यावरही मी समोरच्या दुकानापर्यंत यायचो, काड्यापेटी घ्यायचो आणि माघारी फिरायचो. घरात आता काड्यापेट्यांचा ढीग झालाय आणि मी विडी ओढत नाही. शेवटी मावशी म्हणाली, "अजून एक पेटी आणलीस तर तुलाच पेटवीन," आणि मला हाताला धरून इथे आणलं. ती बाहेर बाकावर बसली आहे.

हवालदार म्हणाले, तुला लिहिता येतं तर तूच लिही, फक्त मुद्द्याचं लिही. तर मुद्दा.

माझे काका म्हणजे मावशीचे यजमान, धंद्याने वेल्डर. पुलाच्या पोटाखाली रंग द्यायचा, खांब आणि पूल यांच्या मधली रबरं बदलायची, तर माणूस तिथे पोचणार कसा, यासाठी त्यांनी ट्रकवर बसेल असा झुला बनवला. ट्रक कठड्याला लावून उभा करायचा. लोखंडी हात कठड्यावरून पलीकडे जातो, खाली वाकतो आणि पुलाखाली शिरतो. त्याच्या टोकाला पाळणा, त्यात दोन माणसं. ट्रक त्या बाजूला कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला काँक्रीटचे ठोकळे पट्ट्यांनी आवळून ठेवायचे. ठोकळे सरकले की खेळ संपला.

म्हणून काकांनी पट्ट्यासाठी एक कडंही बनवलं. पट्टा सैल झाला की कड्यातून लाल रंगाची पत्र्याची जीभ बाहेर येते. पट्टा आवळला की आपोआप आत जाते. काका म्हणायचे, "ही कल्पना तुझ्या मावशीवरून सुचली." मावशी म्हणायची, "मग तिचं ऐकता तसं माझं कधी ऐकाल?" आमच्याकडे 'जीभ आत घाल' म्हणजे पट्टा आवळ. दुसरा अर्थ नाही. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मुकादमांनाही शिकवलं होतं, मी तिथे होतो. मुकादम म्हणजे मालकांचे सख्खे मेहुणे. ते तेव्हा म्हणाले होते, "मालकाला जीभ दाखवणारं कडं पहिल्यांदाच बघतोय." काका म्हणाले, "ती खोटं बोलत नाही, एवढाच तिच्यात दोष."

त्या दिवशी सकाळी नदीवरच्या पुलावर बांधकाम खात्याचे मोठे साहेब झुला बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर सगळ्या पुलांचं काम मालकांना मिळणार होतं. मालकांनी ट्रक धुऊन घेतला. झुल्यावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं. ज्याने बनवला त्याचं नाव कुठे लिहायचं, असं मी विचारलं तर मालक म्हणाले, "खाली जागा उरली तर बघू." काका हसले. मला ते हसणं आवडलं नाही, पण ते मुद्द्यात येत नाही.

मागच्या पट्ट्याची आवळणी झिजली होती. मी आवळून आवळून थकलो, जीभ आत जाईना. काका म्हणाले, "दुसरा पट्टा आणा, तोवर कोणी खाली उतरणार नाही." मुकादम म्हणाले, "साहेबांच्या गाड्या वळणावर आल्यात आणि तुमची जीभ लोंबतेय. शोभतं का हे?" काका म्हणाले, "आवळा, जाईल." मग ते पलीकडे कठड्याशी हुक तपासायला गेले. मुकादमांनी मला रस्त्यावर लाल झेंडी धरून उभं केलं. एरवी मी एका जागी उभा राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी राहिलो.

मी परत आलो तेव्हा जीभ आत होती. मुकादम ठोकळ्यांशी उभे होते, हात रुमालाला पुसत. मला वाटलं, मला जमलं नाही ते यांना जमलं. थोडी लाजही वाटली.

काका आणि आमचे रंगारी पाळण्यात बसले होते. रंगाऱ्यांनी बूट ट्रकवर काढून ठेवले होते, अनवाणी पायाला पाळणा कळतो म्हणायचे. साहेबांपैकी एकाने विचारलं, भीती नाही वाटत का? रंगारी म्हणाले, "आमची बायको तसंही म्हणते, तुम्ही कायम हवेत असता." साहेब हसले. मग काकांनी खालून आवाज दिला, "भिंगरी, जीभ आत गेली का?"

मी म्हणालो, "गेली!"

हे मी बघून बोललो. मुकादम माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. त्यांनी ऐकलं. ते काही बोलले नाहीत.

पाळणा पुलाखाली गेला तेव्हा ट्रक जरा हलला, तसा तो नेहमीच हलतो. मग मागचा ठोकळा सरकला, त्याने पुढच्याला ढकललं आणि ट्रकची एका बाजूची चाकं रस्त्यावरून उचलली. ट्रक कठड्यावर टेकून थांबला. खाली पाळणा पुलाच्या खांबावर आदळला. काका पाळण्याच्या अलीकडच्या बाजूला होते. रंगारी पाळणा आणि खांब यांच्या मध्ये होते.

साहेबांच्या गाड्या लगेच गेल्या.

गर्दी खाली नदीकडे धावली. मी ट्रकवर चढलो, का चढलो ते सांगता येणार नाही. पट्टा सैल होऊन लोंबत होता, तरी जीभ आतच. मी कडं उलटं केलं. जीभ आत दाबून बाइंडिंगच्या तारेने बांधलेली होती, तारेला पकडीने पीळ दिलेला. मी पट्टा कापला आणि कडं खिशात घातलं. ते आज तारेसकट हवालदारांच्या टेबलावर जमा केलं आहे. रंगाऱ्यांचे बूट जमा केले नाहीत. ते मी त्यांच्या घरी नेऊन दिले. त्यांच्या घरच्यांनी बूट दारात ठेवून घेतले, नेहमी ठेवायचे त्याच जागी.

आता मला असं कळतं की, रंगाऱ्यांच्या मृत्यूची तक्रार काकांवर झाली आहे, झुला त्यांनी बनवला म्हणून. झुल्यावरचं मालकांचं नाव दुसऱ्या दिवशीच पुसलं गेलं. माणूस गेला त्या दिवसापासून झुला काकांचा झाला. मालकांचं म्हणणं, कडं कच्चं होतं. कड्याला तार निघाली असं मी कामावर बोललो, ते कानावर गेल्यावर आता म्हणतात, तार भिंगरीने बांधली असेल, तो धड कुठे टिकत नाही. पक्कड माझ्याकडे नव्हती. माझ्याकडे झेंडी होती.

काकांचा पाय मोडला, ते दवाखान्यात होते. मालक त्यांना तिथे भेटले, तेव्हा मावशी पडद्याआड होती. मालक म्हणाले, "कडं कच्चं होतं, एवढंच म्हण. मेहुणा माझ्या घरातला आहे. तुझी शेड, तुझं काम, सगळं चालू राहील. मी मरेपर्यंत बघीन तुला." काकांनी भिंतीकडे तोंड केलं. मावशीने हे मला सांगितलं तेव्हा तिचा ऊर भरून आला होता. म्हणाली, "हे माझं माणूस. वाकलं नाही."

माझं कोणाशी वैर नाही. मुकादमांना जिभेचा अर्थ माहीत नव्हता, असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. काकांचं कडं कच्चं नव्हतं. ते ओरडत होतं, त्याचं तोंड बांधलं.

वरचं सगळं हवालदारांनी मोठ्याने वाचलं. काड्यापेटीचं तेवढं गाळू का म्हणाले, मी नको म्हटलं. जसं घडलं तसं उतरलं आहे, पदरचं काही नाही.

सही करायला पेन घेतलं तेवढ्यात बाहेर गाडी थांबली, म्हणून एवढं आणखी लिहितो. काका आले आहेत. त्यांना आज दवाखान्यातून सोडणार हे मावशीलाही माहीत नव्हतं. मालकांच्या गाडीतून उतरले. एका काखेत कुबडी, दुसऱ्या बाजूला मालक. अंगात नवा शर्ट आहे, घडी अजून मोडलेली नाही. मावशी बाकावरून उठली आणि परत बसली.

काकांनी दारातून टेबलावरचं कडं पाहिलं. मग खिडकीकडे बघायला लागले.

हवालदार विचारतात, तुझ्या जबाबात काही बदलायचं आहे का?

नाही. कडं टेबलावर आहे. जीभ आतच आहे. सही करतो.