दोन सेनापतींची फौज

प्रिस्का : आधी तो नाटकातला रोमन टोप उतरव, गॉडफ्रे. लाल शेंडी लावून थोरल्या बहिणीशी भांडतोस, लाज नाही वाटत?

गॉडफ्रे : टोप पप्पांचा आहे, ताई. गुड फ्रायडेच्या नाटकात शताधिपती, शंभर शिपायांचा रोमन नायक, आपल्याच घरचा. आधी पप्पा, मग मी. आणि तू नाटक लिहितेस त्यात शताधिपतीच नाही!

प्रिस्का : अरे, ते येशूच्या वेळचं सैन्य. माझ्या नाटकातला शिपाई संत मार्टिन तीनशे वर्षांनंतरचा. तोवर रोमची फौज पार बदलली होती. तुम्ही मात्र गुड फ्रायडेच्याच पोशाखांची पेटी उघडणार.

गॉडफ्रे : आणि सेनापती फेबियन? धाकटा भाऊ हुकूम सोडणार, मी भाला धरून उभा राहणार? माझी पोरं सैनिक व्हायला येणार नाहीत. सांग फादरांना.

प्रिस्का : सांगितलं. सहापर्यंत सैनिक आले नाहीत तर नाटक रद्द, ऑर्केस्ट्रा बोलावतो म्हणाले. आई सकाळपासून नवी साडी नेसून बसलीय. विहिरीवरून भांडलात तेव्हापासून तिने तुम्हाला एकत्र बघितलं नाही.

गॉडफ्रे : आईला मध्ये आणू नकोस.

प्रिस्का : आणणार! शेजारच्या टॉवरचं सांडपाणी वाडीत शिरलं तेव्हा दोघांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. आणि शेंडीसाठी युद्ध!

गॉडफ्रे : झालं बोलून?

प्रिस्का : नाही. फादरांचं पुस्तक परत वाचलं. एकच सेनापती लिहिला, ते चुकलं. रोमचा बादशहा दोन ठेवायचा. एक पायदळाचा, एक घोडदळाचा.

गॉडफ्रे : दोन कशाला?

प्रिस्का : भीती! सगळी फौज एकाच्या हाती गेली की तोच बादशहा व्हायला निघायचा. धान्यसुद्धा त्यांच्या हाती नाही, ते मुलकी अधिकाऱ्याकडे. तलवारी एकाकडे, भाकरी दुसऱ्याकडे. एकट्याला हलताच येऊ नये.

गॉडफ्रे : ...म्हणजे आपली विहीर.

प्रिस्का : विहीर?

गॉडफ्रे : पंप माझ्या नावावर, विजेचा मीटर फेबियनच्या. मी म्हणायचो, म्हाताऱ्याने जाता जाता घोळ घातला. फेबियनने मीटरला कुलूप लावलं, मी पंप उचलून घरात आणला. आता दोघांचीही केळी वाळतायत.

प्रिस्का : पप्पा घोळ घालणारे होते का रे?

गॉडफ्रे : नव्हते. बादशहाला भीती, दोघं एक होतील. पप्पांना भीती, होणार नाहीत.

प्रिस्का : एवढं कळायला रोमची फौज लागली तुला.

गॉडफ्रे : पायदळ माझं ना?

प्रिस्का : तुझं. घोडदळ त्याचं.

गॉडफ्रे : घोडे कुठायत?

प्रिस्का : नाहीत. पडद्यामागे टापांसाठी करवंट्या वाजवायच्या.

गॉडफ्रे : अरे देवा! करवंट्यांचा सेनापती! त्याला सांगितलंस?

प्रिस्का : तूच सांग. कधीचा फाटकाशी उभा आहे. मीच आणलाय.

(फेबियन अंगणात येतो. हातात मीटरच्या पेटीची चावी.)

फेबियन : ऐकलं सगळं. करवंट्या तर करवंट्या. पण टोप तूच घाल, दादा. लहानपणी चोरून घातला होता, नाकापर्यंत आला.

गॉडफ्रे : आज कुणीच नको. मार्टिनच्या वेळी अशी शेंडी नव्हती म्हणे. पोरांना फोन लाव, ताई. पायदळ निघालं म्हणावं.

प्रिस्का : सुटले बाई एकदाची!

फेबियन : आणि ही चावी घे.

गॉडफ्रे : तुझ्याकडेच राहू दे. पंप जड आहे. त्या बाजूने धर.