रंगनाथाच्या रागाचं बटण

मंडळी, ऐका हं! आज सुरुवातीलाच एक विचारतो — तुमच्या रागाचं बटण कुठं आहे? अहो, हसता काय! शोधा की! खिशात नाही, टोपीखाली नाही! तुम्हाला नाहीच सापडायचं. पण शेजारी बसलेल्या कारभारणीला विचारा — डोळे मिटून दाखवील! मग मला सांगा, जे बटण साऱ्या घराला सापडतं, ते ज्याचं त्यालाच का सापडू नये? याचं उत्तर मी देत नाही. रंगनाथ देईल. पेटीवाले, जरा हळू — आणि स्पीकरवाले, ती शिट्टी थांबवा! — रंगनाथ येतोय.

हा रंगनाथ तारळेकर, पाटणच्या बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ. जुने, फाटके, काळे-पांढरे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि त्यात रंग भरायचा. हात असा गुणाचा, की गेलेल्या माणसाच्या गालावर लाली यावी! पण राग? बाप रे! नाव रंगनाथ, आणि स्वतःच्या तोंडाला रंग एकच — लाल! गिऱ्हाईक नुसतं म्हणालं, "मला जरा गोरं करा की," — झाला भडका! बायको इंदू बिचारी गिऱ्हाइकाला चहा पाजून समजूत घालायची.

तर एकदा त्याच्याकडे आल्या आनसाबाई. ऐंशीच्या घरातली म्हातारी, हातात पिशवी, पिशवीत आईचा एकुलता एक फोटो. काळा-पांढरा. म्हणाल्या, "लेकरा, माझ्या आयला रंगात दाव. तिचं लुगडं जांभळाच्या सालीवानी हुतं. ते बघितलेलं जगात आता कोनी ऱ्हायलं न्हाय. म्या एकलीच."

ऐकलंत? एका आईचा रंग एका म्हातारीच्या डोक्यात शिल्लक! रंगनाथ विरघळला. सगळी कामं बाजूला सारली, आनसाबाईंना शेजारी बसवलं. "जरा गडद कर... न्हाय रं, येवढं न्हाय... आता इवलंसं लाल..." आणि म्हातारी खुर्चीतून उठून उभी राहिली! "हां! हीच माझी आय!" पदर डोळ्याला लागला. रंगनाथ म्हणाला, "मंगळवारी या. एकदा शेवटचं बघा, की छापतो."

आणि दुसऱ्या दिवशी — फट्! मॉनिटर गेला! आजोबा, मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा हो! फळ्यावर तुमचं नाव लिहायचा तो नव्हे!

रंगनाथ गेला दुकानात. आता आपण वस्तू कशी निवडतो? रूपावर! त्यानंही तेच केलं. एक मॉनिटर दिसला — चकचकीत, कडा पापडासारख्या पातळ, आणि बटण एकसुद्धा नाही! दुकानदार म्हणाला, "साहेब, खालच्या पट्टीला बोट लावा, की काम!" रंगनाथ पाघळला. स्टुडिओत येऊन सांगतोय, "इंदू, बघ तरी! नुसतं शिवलं की चालतं!"

बरं, आपल्याकडे नवी वस्तू आली की काय करतो? पूजा! इंदूनं चालू पडद्यासमोर उदबत्ती लावली, नारळ ठेवला आणि खालच्या काळ्या पट्टीवर लावलं हळद-कुंकू. हळदीचं बोट — टुक! कुंकवाचं बोट — टुक! काय झालं असेल? अहो, शिवलं की चालणारा तो! त्याला काय कळतंय, पूजा चाललीय म्हणून! प्रत्येक बोटाला पठ्ठ्यानं आपली रंगाची तऱ्हा बदलली! रंगनाथ डोळे मिटून उभा, इंदूचं लक्ष पट्टीवर. पडद्याकडे बघतंय कोण! प्रसाद वाटून दोघं कामाला लागली.

मंगळवारी आनसाबाई आल्या. रंगनाथनं फोटो उघडला. म्हातारीनं बघितलं... बघितलं... आणि मान हलवली. "ही माझी आय न्हाय."

"आजी, तोच फोटो आहे! टिंबसुद्धा हलवलेलं नाही!"

"मग लुगडं वांग्यावानी कसं झालं? कपाळाचं कुकू बी इटलंय."

झालं! लागलं बटणाला बोट! रंगनाथ उसळला — "त्या दिवशी हो म्हणालात, आज नाही म्हणता! आठवत तुम्हाला नाही आणि डोकं माझं खाता! रंग माझा नाही चुकला, तुमच्या डोक्यातला चुकलाय!"

म्हातारी भांडली असती तर बरं झालं असतं हो. नाही भांडली. चपला घातल्या, आणि दारात इंदूला हळूच म्हणाली, "पोरी, माझ्या आयचा रंग म्याच इसरले का गं?" एवढं बोलून गेली. मंडळी, तिच्याजवळ होतंच काय? एक रंग! तोही यानं एका वाक्यात काढून घेतला.

इंदूनं नवऱ्याकडं पाठ फिरवली. फडकं घेतलं आणि मॉनिटरच पुसायला लागली — बाई रागावली की पुसते, तुम्हाला ठाऊक आहे! पूजेचं कुंकू पुसलं — टुक! लुगडं हिरवं! हळद पुसली — टुक! आनसाबाईंची आई निळी! "अहो, इकडं या!" रंगनाथ धावला, बोट लावलं — सगळी अक्षरं चिनी! आणखी एक लावलं — अंधार! हा चिडतोय, तो नाचतोय! "इंदू, हात काढ!" "माझा हात कुठाय! तुमचं पोट लागतंय!"

रंगनाथ मटकन खाली बसला. "म्हणजे... म्हातारीचं बरोबर होतं."

"होतं ना. आणि तुम्ही काय बोललात तिला?"

रंगनाथनं मान खाली घालून मॉनिटर उचलला, आणि बदलून घ्यायला निघाला दुकानात. या खेपेला इंदू पुढं. दुकानदार लागला सांगायला, "ताई, हा बघा, यात कोट्यवधी रंग —"

"रंग राहू द्या. डोळे मिटा."

"आँ?"

"डोळे मिटा आणि याचा उजेड कमी करून दाखवा."

दुकानदारानं डोळे मिटले, पडद्यामागं हात घातला. बटणं चार, सगळी सारखी! चाचपतोय, चाचपतोय — बंदच पडला! दुसऱ्याला हात घातला — चित्र आडवं! शेवटी कोपऱ्यातला एक दाखवला. कडा जाड, रूप बेताचं, पण पुढच्याच बाजूला जुन्या रेडिओला असायचं तसं एक गोल बटण! इकडं फिरवलं की उजेड जास्त, तिकडं फिरवलं की कमी. दाबून फिरवलं की रंगाची तऱ्हा बदलते, आणि तिचं नाव मोठ्या अक्षरात वर येतं. इंदूनं स्वतः डोळे मिटून फिरवून बघितलं. "हाच द्या. ह्यांचं काम रंगाचं, तेव्हा रंग ह्यांच्या हातात पाहिजे. नुसता दिसायला देखणा काय करायचाय? तसला एक केलाय, तेवढा पुरे!"

हसा, हसा! रंगनाथही हसला, पण ते लाजून. मॉनिटर स्टुडिओत लावला आणि तसाच आनसाबाईंच्या दारात गेला. "आजी, मी चुकलो. चला."

"नगं रं बाबा. माझं मेलीचं डोस्कंच ऱ्हायलं न्हाय."

"आज मी तोंड उघडणार नाही. तुम्हीच बघा, तुम्हीच सांगा."

आणली तिला. फोटो उघडला, आणि तिचा हात त्या गोल बटणावर ठेवला. म्हातारी लागली दाबून फिरवायला. वांग्याचं लुगडं — "न्हाय." हिरवं — "न्हाय." पुढं आई निळी — "अगं बया! माझ्या आयचा किस्नदेव केला की!" इंदू हसतेय, रंगनाथ ओठ दाबून उभा. आणखी एकदा फिरवलं, आणि हात थांबला. बटण सोडून दिलं.

"कुनी शिवू नगा आता. आय हाय ही."

रंगनाथनं तिच्यादेखत कागद छापला आणि पडद्याशेजारी धरला. तेच लुगडं! तीच जांभळाची साल! "आजी, तुम्ही काहीच विसरला नव्हता. तुमची आई तुमच्याजवळ जशीच्या तशी होती."

"म्या म्हनत हुते का न्हाय!" म्हातारीनं एक धपाटा घातला त्याच्या पाठीत, आणि फोटो छातीशी धरून ढसाढसा रडली. रंगनाथही रडला हो.

तर मंडळी, उद्या मॉनिटर घ्यायला जाल, तर डोळे मिटून बटण सापडतं का, ते बघा. पण त्याआधी आज घरी जाल ना? तुमच्या घरात कुणीतरी म्हातारं माणूस असेल. "तुम्हाला काही आठवत नाही, गप्प बसा" असं ज्याला तुम्ही या आठवड्यात म्हणालात, ते! खाली काय बघता? वर बघा! त्याच्याजवळ बसा, आपला उजेड थोडा कमी करा आणि विचारा — "ते कसं होतं, सांगा ना." ते सांगतील, आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

बोला, देवा, आमचं बटण आमच्या हाती दे! आणि काय हो स्पीकरवाले, तुमचं सापडलं का एकदाचं? नाही? असू द्या, असू द्या. मी चिडलेलो नाही.