व्हर्ना प्रुस्कीची टेस्ट ड्राइव्ह

...नाही, पण मला सांगा, गिऱ्हाइकाच्या शेजारी विकणाऱ्यानं बसायचं, हा नियम काढला कुणी? मी विकणारा माणूस आहे हो, बसणारा नाही! तुम्हाला सांगतो, डेट्रॉइटजवळ आमचं शोरूम. गाड्या नव्या कोऱ्या, तोंडवळा पन्नास वर्षांपूर्वीच्या सुसाट गाड्यांचा... तेच लांबलचक बॉनेट, तीच डरकाळी! आणि घेतं कोण? पोरं? छे, पोरं फोटो काढून पळतात! घेतो साठी उलटलेला, पोट सुटलेला बाप्या. तरुणपणी ही गाडी दुसऱ्याकडे होती, आणि याला आवडणारी पोरगी त्या दुसऱ्याच्या गाडीत बसून गेली! आता गुडघे कुरकुरतात, आत शिरताना कण्हतो, पण शिरतो. शिरला की डोळ्यांत पाणी, आणि मी पुढे करतो कागद. सोपं काम!

आणि आली ही व्हर्ना प्रुस्की. सत्तरीची, एवढीशी, अंगात विणलेला स्वेटर. म्हटलं, "आजी, मिस्टर नाही आले?"

"ते वर गेले. तू किल्ली आण. त्या केशरी गाडीची."

बसलो. बाईनं आरसे नीट लावले, खुर्ची पुढे ओढली... म्हटलं, वा, जपून चालवणारी दिसते! मग हमरस्ता लागला आणि तिनं पाय असा दाबला, की मी पुढे आणि माझं पोट मागच्या सीटवर!

"आजी, हळू!"

"हळू? जन्मभर शाळेची बस चालवली मी! दर दाराशी थांबा, कुणाचा डबा राहिला म्हणून थांबा, आणि या गाड्या शेजारनं सूंऽऽ करून जायच्या! आज हळू म्हणायचं नाही, बाळा!"

मी विकणारा माणूस आहे हो! दाराची कडी धरली, देवाचं नाव घेतलं, ते अर्धंच आठवलं... आम्ही गावाकडच्या रस्त्याला वळलो, आलं वळण, आणि वळणापलीकडे... पिवळी बस! उभी! लाल दिवे लुकलुकतायत, थांबा म्हणून पाटी बाहेर, आणि दोन चिमुरडी खाली उतरून रस्ता ओलांडतायत! मी ओरडलो! बाईंनी दोन्ही हात चाकावर घट्ट रोवले, ब्रेक दाबला, टायर किंचाळले... आणि गाडी थांबली. बसच्या पुष्कळ अलीकडे, सरळ रेषेत.

पोरं पलीकडे गेली, घरात शिरली, दार लागलं. बस निघून गेली तरी बाई हलेनात. पुटपुटल्या, "एवढ्या जोरात नको होतं यायला... मला तर कळायला हवं होतं." म्हटलं, चला, जीव वाचला, गिऱ्हाईक गेलं.

मग डोळे पुसून म्हणतात कशा, "ब्रेक चांगले आहेत. घेते."

घेतली! आता सभ्यपणे चालवतात म्हणे. पण त्यांच्या बसवाल्या मैत्रिणी यायला लागल्या ना एकेक! सगळ्यांचं एकच, "व्हर्नाबरोबर होता तोच द्या." मालक खूश, "लेस्टर, जा रे!" अहो, मी विकणारा माणूस... ऐकतंय कोण?

काल आणखी एक आली. म्हटलं, "आजी, तुम्हीही शाळेची बस?"

"नाही रे बाळा, मी शववाहिनी चालवायचे."

...लावला सीटचा पट्टा.