तिसऱ्या लेनमधली पुढची जागा

ओरेस्ट : पुन्हा तेच! घड्याळाचा सेकंदकाटा साठावर आला, पुढे पाचवर गेला, तेव्हा कुठे बाईसाहेब तलावाची भिंत सोडणार. आम्ही मागे गारठून मरायचं का?

कोरिन : तुला कुणी धरून ठेवलंय? जा की माझ्या पुढून.

ओरेस्ट : मी रांगेत तिसरा, बाई. सत्तरी उलटली माझी. चष्म्याशिवाय मला घड्याळ दिसत नाही, तर काटा कुठला! तू निघालीस की पाच मोजायचे आणि निघायचं, एवढंच मला येतं.

कोरिन : मीही तेच करते. पाच मोजते आणि निघते.

ओरेस्ट : कुणाच्या मागे?

कोरिन : ठाऊक असून विचारू नकोस, ओरेस्ट.

ओरेस्ट : हेडीला जाऊन महिना होत आला.

कोरिन : दमले मी. आज पुरे. घरी जाते.

ओरेस्ट : जा. इंजिन गोठू नये म्हणून गाडीचा हीटर प्लगला लावलायस का? बाहेर उणे तीस आहे. इंजिन सुरू होईपर्यंत तुझ्या ओल्या केसांच्या गोठून काड्या होतील.

जनेल : तिसरी लेन! काय चाललंय? कोरिन, पाण्याबाहेर का आलीस?

ओरेस्ट : बाईंचा राजीनामा चाललाय, कोच.

जनेल : ओरेस्ट, तुम्ही जरा गप्प बसा. कोरिन, ऐक. सोमवारपासून दुसऱ्या लेनमधला डेल तुमच्यात येईल. तो पुढे राहील. रिजायना शहरातली स्पर्धा तोंडावर आलीय, तुमचा सराव असा रडतखडत चाललाय.

कोरिन : डेल? हेडीच्या जागी डेल? तो पाय मारतो की धुणं आपटतो?

जनेल : मग तू जा पुढे.

कोरिन : तुला सोपं आहे म्हणायला. तू काठावर उभी असतेस.

जनेल : सोपं? रोज पहाटे मी इथे उभी राहते. काटा वर येतो, बाकीच्या सगळ्या लेन निघतात, आणि तुमच्या लेनमधून कुणीच निघत नाही. पाच सेकंद मला ती मोकळी जागा बघावी लागते. मलाही हेडी हवी होती, कोरिन. मला नाही आता बघवत. आठ खेपा राहिल्यात. कोण पुढे, ते तुम्ही ठरवा. नाहीतर सोमवारी डेल.

ओरेस्ट : गेली. डोळे पुसतेय बघ, टॉवेलने. आणि पोरगी चांगली आहे हो. हेडीनेच शिकवलंय तिला, लहान होती तेव्हा.

कोरिन : माहितीये मला.

ओरेस्ट : मग तिचं ऐक. शिवाय मोजायचं कोणी? पुढचा मोजतो, मागचे नुसते मागे जातात. हेडी गेल्यापासून आपण किती खेपा मारतो ते देवाला ठाऊक. परवा आठ सांगितल्या होत्या, मी बहुतेक सहाच मारल्या. तक्रार नाही माझी.

कोरिन : अकरा वर्षं मी तिचे पाय बघत पोहले. डाव्या टाचेवर तो पांढरा व्रण, अंगठा आत वळलेला. तिचा चेहरा मला एवढा पाठ नव्हता रे. चर्चमध्ये शवपेटी उघडी होती ना, मी जवळ गेले. गालाला लाली, ओठांना रंग.

ओरेस्ट : हेडीला लाली! तिने जन्मात कधी लावली नव्हती.

कोरिन : मला ती ओळखूच येईना. आणि पायांकडचं झाकण बंद. मला वाटलं, एवढं उघडा कुणीतरी. पाय बघितले की पटेल मला.

ओरेस्ट : मग वॉल्टरला सांगायचंस.

कोरिन : काय सांगू? ‘तुझ्या बायकोचे पाय दाखव’?

ओरेस्ट : दाखवले असते त्याने. त्यालाही त्या दिवशी काय चाललंय ते कळत नव्हतं. नंतर चर्चच्या तळघरात सगळे खायला जमले, तर अंड्याच्या सँडविचांचं ताट हातात धरून तासभर उभा होता बिचारा. कुणाला ‘घे’ म्हणायचंही सुचत नव्हतं.

कोरिन : मला अजून पटलेलं नाही. म्हणून मी थांबते. साठाला तिला जाऊ देते. मी साठाला निघाले ना, तर ती खरंच गेली असं होईल.

ओरेस्ट : ती गेली, कोरिन. तू साठाला नीघ, नाहीतर दुपारी नीघ.

कोरिन : किती दुष्ट आहेस.

ओरेस्ट : आहेच. रोज रात्री ठरवतो, उद्या येत नाही. या वयात पहाटे उठून गार पाण्यात उडी मारायला मला काय वेड लागलंय? पण उठतो. कारण मी नाही आलो तर तू एकटी या लेनमध्ये पाच मोजत उभी राहशील.

कोरिन : पुढे नुसतं पाणी असेल रे. कुणाचेच पाय नसतील. भीती वाटते मला.

ओरेस्ट : मागे मी आहे. तू अकरा वर्षं तिचे पाय बघितलेस, मी तुझे. उजव्या पायाची करंगळी बोटावर चढलेली, टाचा भेगाळलेल्या. क्रीम लावत जा जरा.

कोरिन : गप रे.

ओरेस्ट : उतर पाण्यात. आठ आहेत. काटा कुठे आहे?

कोरिन : पन्नासावर.

ओरेस्ट : आता?

कोरिन : पंचावन्न. ओरेस्ट, अंगावर येऊ नकोस हं. पाच मोज नीट.

ओरेस्ट : मोजतो. जा.

(दोघं पोहतात. बऱ्याच वेळाने भिंतीशी थांबतात.)

ओरेस्ट : मेलो. झाल्या ना आठ?

कोरिन : सहा.

ओरेस्ट : आठ झाल्या. माझे खांदे सांगतायत.

कोरिन : सहा झाल्या. दोन राहिल्यात. मोजल्यात मी.