जाणारीचं गाणं

(महागावजवळच्या बंजारा तांड्यावरचं अंगण, दुपारची वेळ. रुपीबाईच्या हातात फोन. पलीकडे तिची लेक वर्षा, जॉर्जिया देशातल्या एका डोंगरी गावातून.)

रुपीबाई : असं फोनवर ढावलो गात असते का कोणी? लोक हासतीन मले.

वर्षा : कोण हसणार आहे, याडी? अंगणात तू एकटीच तर दिसतेस.

रुपीबाई : थे बी खरंच हाये. काल दिवसभर म्हशीसंगच बोलली मी. पण तुले ढावलो पाह्यजे कायले?

वर्षा : इथल्या बायकांसाठी. रविवारी बाहेरगावचे वीस पाहुणे येणार आहेत. घरोघरी राहतील, यांच्या हातचं खातील, यांची गाणी ऐकतील. दोन वर्षं याचसाठी खपतेय मी. आणि आता या म्हाताऱ्या अडून बसल्यात. मुलगी सासरी निघताना रडत म्हणायचं गाणं यांच्यातही आहे. पण नानुली आजी म्हणते, परक्यांसमोर कसं रडायचं? आधी तुमच्याकडचं ऐकव, मग बघू.

रुपीबाई : नानुली म्हणजे जिच्या घरी तू राह्यतं, थेच ना? शहाणी हाये बुढी.

वर्षा : दोनच ओळी गा गं. मी इथे रेकॉर्ड करते.

रुपीबाई : अवं, ढावलो याडी नाही गात. जाणारी पोरगी गाते, याडीच्या गळ्यात पडून. याडी आयकते फक्त. एवढं बी ठाऊक नाही तुले?

वर्षा : मला कुणी शिकवलंच नाही.

रुपीबाई : कवा शिकवू? पाचवीत होस्टेलात गेली, मंग यवतमाळ, मंग पुणं, मंग थे इमान. बाकीच्या पोरी लग्नाच्या आंधी बुढ्याइपाशी बसून शिकत. तू सुट्टीत आली का पुस्तक घेऊन बसे. आपली गोर बोली बी सोडली तुनं. आता मले बी तुह्यासंग मराठीतच बोला लागते.

वर्षा : समजतं मला सगळं. जिभेवर लवकर येत नाही, एवढंच.

रुपीबाई : एक इचारू? तू तिथं म्हाताऱ्याइच्या घरी पाहुणे आणून बसवतं. पुण्याईचं काम हाये. माह्या घरची खाट दोन वर्सापासून भिताडाले उभी हाये. आडवी कराले कोणी येतच नाही.

वर्षा : याडी, असं नको ना बोलू.

रुपीबाई : रागानं नाही बोलून राह्यली. दिवाळीले तू येतं म्हणून खोली पोतारली. उमरखेडहून नवी चादर आणली. तिकीट काढलं का?

वर्षा : थांब, कॅमेरा फिरवते. डोंगरावर कालच बर्फ पडलाय, बघ.

रुपीबाई : दुरून डोंगर साजरे म्हणतेत. तुले तं जवळून बी साजरेच दिसून राह्यले. तिकिटाचं इचारलं मी, वर्षा.

वर्षा : नाही काढलं.

रुपीबाई : काहून?

वर्षा : इथले लोक अजून दोन वर्षं राहा म्हणतात. मी काल हो म्हणाले. आत्ता कुठे जम बसतोय, मी गेले तर सगळं विस्कटेल. आणि खोटं कशाला बोलू, मलाच राहायचंय. बरं वाटतं मला इथे. याडी? याडी, फोन कुठे ठेवलास? नुसतं आभाळ दिसतंय.

रुपीबाई : हाये मी. पदर सारखा करून राह्यली.

वर्षा : रडतेस तू.

रुपीबाई : गेल्या बारी उमरखेडच्या स्टँडवर तुह्या गळ्यात पडाले गेलती मी. तू म्हटलं, लोक पाहतात याडी, दोन वर्षांनी येतेच आहे. मंग म्या रडणं गिळलं. येणारच हाये, तं कायले रडाचं? दोन वर्स झाले, थे तसंच अटकून हाये अंदर.

वर्षा : तू म्हणालीस तर येते मी. आजच नाही म्हणून सांगते यांना.

रुपीबाई : नोको. पाय इथं अन् मन तिथं, अशी पोरगी घरात ठेवून काय करू? माह्याच्यानं थे पाहावणार नाही. आता आयक. ढावलोत काही अवघड नसते. ज्याले ज्याले सोडून चालली त्याचं त्याचं नाव घ्याचं, अन् रडाचं. बाप राह्यला नाही, तरी त्याचं घ्याचं. गोठ्याचं, हिरीचं, सोबतच्या पोरीइचं घ्याचं. शब्द आपसूक येतेत.

वर्षा : आत्ता? मला नाही जमायचं. नानुली आजी इथेच शेजारी बसलीय.

रुपीबाई : बसू दे. तिच्याबी लेकी गेल्या असतीन कुठंकुठं. आपल्या बोलीत म्हण. मोडकंतोडकं येईन, येऊ दे.

वर्षा : रेकॉर्डिंग बंद केलं मी.

रुपीबाई : बरं केलं.

वर्षा : कुणापासून सुरू करायचं असतं?

रुपीबाई : माह्यापासून.