दहापैकी शून्य

शून्य सांगायचं, पावणं. डाक्टर बाई इचारत्यात — दहापैकी किती दुकतंय? आपण म्हणायचं शून्य. लई सोपं हाय. मी पयल्या बारीला चुकलो. मला वाटलं, आपण बाईस्नी मार्क द्यायच्यात — आन् ऑपरेशन तर झकास केलं हुतं, मग कमी कशाला द्या, आपल्या काय घरचं जातंय — म्हणलं, दहापैकी दहा, बाई. तर बाईंचं तोंड उतरलं, नर्स पळत आली, मला सुई टोचली आन् मी दुपारपतूर झोपलो. उटल्यावर शेजारच्या खाटंवरचा म्हणला, मामा, दहा म्हंजी मराय टेकल्यालं. तवापासनं शून्य. तुमी अक्कलकोटकडचं, कानडी बोलनारं न्हवं? मराटी कळती की? मग नुसती मान हालवा, तेवडं बास.

तर ह्या आपल्या बुद्धप्रिया बाई — हां, त्याच, चष्म्याच्या, जुळे सोलापूरच्या — त्या डाक्टर हायतीच, पर आजून मोठ्या सर्जन व्हायच्यात. त्येच्यासाटी एक थेसीस लिवून द्यावी लागती. पुस्तकात बगून न्हाय, माणसावर करून. आपल्या जांगंतल्या गाटीला, हार्नियाला, आतनं जाळी बसवत्यात का न्हाय — ती निम्म्या जणास्नी टाक्यांनी बसवायची, निम्म्यास्नी डिंकानं चिकटवायची, आन् मग वरीसभर बोलवून बगायचं, कुणाचं कसं हाय. कुणाला काय, ते बाईंच्या बी हातात न्हाय. पाकीट फोडायचं, चिट्टी निगंल ते. माजी डिंकाची निगाली. आमची बायकू केराबाई म्हणली, डिंक व्हय, बाळंतिणीला घालत्यात त्यो? मी म्हणलं, त्योच आसंल, मोटा दवाखाना हाय, तूप बी घालत आसतील.

कमरंत सुई दिली. खालचं आंग मेलं, वरचं जागं. मी लटालटा हालाय लागलो — भ्यालो हुतो, त्यात लाज कसली. तर बाई हातातलं काम न सोडता म्हणल्या, मामा, मेंढरं हायती न्हवं तुमची, नावं सांगा. मग मी लागलो सांगाय — कोण कुणाची लेक, कोण कुणाला ढुशी मारती, समदं. बाईंचं गुरुजी, मोटं सर, पलीकडं हुबं राहून बगत हुतं. ते म्हणलं, पेशंटला गप करा. बाई म्हणल्या, सर, नावं थांबली की ते परत हालतील. माज्या पोटच्या पोरानं आजपतूर एका मेंढीचं नाव इचारलं न्हाय. माजा लई जीव हाय त्या बाईंवर, खरं सांगतो.

आन् मागल्या बारीला सरांनी बाईस्नी ह्या बाकड्याम्होरंच झापलं. पेशंट येत न्हाईत, फोन उचलत न्हाईत, आसं गळत ऱ्हायलं तर परीक्षेला कशी बसनार तू? बाई खाली मान घालून हुब्या. माज्या काळजाला लागलं. म्हणलं, कोण येऊ न येऊ, धोंडिराम येनार. मंद्रूपास्नं येनार, मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून येनार, आन् शून्यच देनार. पोरगी पास झाली पायजे.

आँ? न्हाय, न्हाय, मी बसतोच आसा वाकडा. सवय हाय — बरं, तुमास्नी म्हणून सांगतो, कुटं बोलायचं न्हाय. गाट परत आलीया. लिंबायेवडी. हुबं ऱ्हायलं की येती, निजलं की जाती. बाई खाटंवर निजवून बगत्यात, तवा ती आत आसती. खोका म्हणत्यात, मी नुसता घसा खाकरतो. दुकती की — दुकनार न्हाय तर काय. पर चूक डिंकाची न्हाय. बाईंनी सांगितलं हुतं, वज्जं उचलू नगा. मी घागर उचलली न्हाय, पोतं उचललं न्हाय. मेंढा उचलला. हिरीच्या कडंला घसरत हुता, धरला आन् घेतला खांद्यावर. मेंढ्याला वज्जं कोण म्हणतंय? तितंच आत कायतरी टरकन झालं. आता हे बाईस्नी कसं सांगू? त्या लिवनार डिंक सुटला, सर म्हणनार थेसीस बुडली. त्यापरास शून्य बरं.

तुमचं ऑपरेशन उद्या न्हवं? पाकीट फोडलं? काय निगालं — डिंक. हां. मग हासताय कशापायी? माजं शून्य ऐकून धीर आला. आसं व्हय. आन् काम काय करता तुमी? मार्केट यार्डात. हमाली. कांद्याची पोती. घरात खानारी लई, आन् शून्य म्हणल्यावर लगीच कामावर जानार.

काय न्हाय. कांद्याचं पोतं माज्या मेंढ्यापरास जड आसतंय, येवडंच.

व्हय, व्हय, धोंडिराम मीच. आलो. तुमी बसा हितंच, पावणं, आन् त्या शून्याचं जरा इसरा. न्हाय, हात नगं, मी उटतो माजा.

रामराम, बाई. हां, किती दुकतंय — शून्य. थांबा. पेन खाली ठिवा जरा. आज निजवू नगा मला, हुबा तपासा. हितं. आता खोकतो, खरं खोकतो.

गावली न्हवं गाट?

रागावू नगा. थेसीस बुडंल म्हणून बोललो न्हाय. काय? खरं लिवलं तर बुडत न्हाय? खोटं लिवलं तरच बुडती? मग हे आदी सांगायचं न्हाय व्हय, बाई. सा म्हैने सोसतोय मी.

सात. सात लिव्हा. आन् त्येच्याखाली मेंढा बी लिव्हा, आन् भाईर त्यो हमाल बसलाय, त्येला वाचून दावा.